दोन माणसांचं काम

मायनॉटच्या बाहेर, हमरस्त्याला लागून,
एप्रिल अर्धा सरला तरी कुंपणाशी मळका बर्फ,
आणि ड्वेनच्या आवारात चाकांवरची घरं
सगळी एकाच दिशेला तोंड करून,
वाऱ्याकडे पाठ फिरवलेल्या गाईंसारखी.

हार्लन पहिल्या दिवसापासून म्हणतोय, मोटरहोम.
छोटंच. एकवीस फुटी.
किल्ली फिरवली की स्वयंपाकघरासकट निघायचं.
मी म्हणतेय, ट्रेलर.
पिकअप आहेच आपला, दीड लाख मैल पळालाय, अजून खोकत नाही.
घर झाडाखाली सोडावं, गावात जाऊन दूध आणावं.
मोटरहोमचं म्हणजे दुधासाठी अख्खं बिऱ्हाड हलवा:
किटली आवरा, खिडक्या मिटा,
कपाटांना कड्या घाला,
नाहीतर पहिल्याच वळणावर बश्या जमिनीवर.
आणि इंजिन बिघडलं तर घरच गॅरेजमध्ये.
आपण कुठे? टायरच्या दुकानातल्या बाकावर,
मांडीवर उशी घेऊन.

आठ आठवडे हे चाललंय.
जेवणाच्या टेबलावर त्याची वही,
पेट्रोलचे आकडे, विम्याचे आकडे,
कोपऱ्यात पेन्सिलीचं लहानसं चित्र:
मोटरहोम, खिडकीत मी.
तो नाही चित्रात.
मला वाटलं, काढणारा कुठे असतो चित्रात.

आज ड्वेनने दोन्ही उघडून दाखवली.
पलंगावर झोपून बघा म्हणाला.
झोपलो. हार्लनचे बूट काठाबाहेर लोंबत राहिले.
मी नळ सोडला, पाणी नव्हतंच.
संडासात मी मावते, माझा हिवाळी कोट मावत नाही.

मग मोटरहोमच्या पायरीवर उभं राहून
ड्वेन सहज बोलून गेला, रोजच बोलत असणार:
याचं बरं असतं.
पुढेमागे एकट्या माणसालाही झेपतं.
जोडायचं नाही, सोडायचं नाही,
रात्री भीती वाटली तर
खाली न उतरता निघून जाता येतं.

हार्लन स्टिअरिंगकडे बघत राहिला.
मी हार्लनकडे.

फार्गोच्या डॉक्टरांनी मार्चमध्ये जे सांगितलं
ते आम्ही फ्रीजवर ठेवलंय, बिलांच्या खाली.
आणि हा माणूस आठ आठवडे
माझ्या एकटीसाठी गाडी बघतोय.

मी ड्वेनला म्हटलं, तो ट्रेलर लाव पिकअपला.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी,
उणे तीसमध्ये, मागे चाळीस पोरं,
त्यातलं एक हमखास ओकणारं.
मला रिव्हर्स शिकवू नका.

पण हार्लन आधीच मागे जाऊन उभा.
डाव्या खांबापाशी, टोपी मागे सारून,
तोंडाने डावीकडे म्हणतोय
आणि हलवतोय उजवा हात.
ट्रेलरचं उलटं असतं:
शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे.
बेचाळीस वर्षांत त्याला हे कळलेलं नाही,
माझ्याही बाबतीत.

नियम एकच.
आरशात माणूस दिसला पाहिजे.
दिसेनासा झाला की ब्रेक.
अंदाज बांधायचा नाही, हाक मारून बघायची नाही,
थांबायचं.

मी हळू घेते. लागतं त्याहून हळू.
एका दमात बसला असता,
पण मी चुकते. पुढे घेते. पुन्हा मागे.
पुन्हा चुकते.
आणि तो आरशात,
अख्खाच्या अख्खा, लाल नाक, फडफडणारं जाकीट,
सगळं चुकीचं सांगत.

काच खाली करून मी म्हणते,
दोन माणसांचं काम आहे हे, ड्वेन.
कागद काढ.

हार्लनला ऐकू गेलं नाही.
तो ओरडतोय, अजून,
अजून थोडं,
ये, ये.